उस्ताद, ही मतं तुमच्याकडून घेतलेली

प्रिय उस्ताद,

सलाम. पत्र मराठीत आहे, पुतण्या वाचून दाखवील. पुण्यात राहून तो आता रिक्षावाल्याशी मराठीत हुज्जत घालतो, त्याला पत्र म्हणजे किरकोळ. आभार फोनवरही मानता आले असते, पण आभाराचं काढलं की तुमच्याकडचं नेटवर्क जातं, हे मला पाठ झालंय. शिवाय यातलं बरंचसं माझ्या माणसांनीही वाचावं असं आहे.

झालंय असं की हल्ली लोक मला मतं विचारतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आमच्या पेपरात फोटो येतो, तिथे बर्फावर स्नोबोर्ड चालवणारी पुण्याची मुलगी म्हणजे अप्रूपच. गणपतीत माईक हातात देतात आणि सुरू होतात. हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपण कुठे आहोत? हवामान बदल खरा का? काश्मीरला जावं का? मीही ठणकावून बोलते, टाळ्या घेते. त्यातली निम्मी मतं गुलमर्गला तुमच्याबरोबर गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत ताटकळताना झालेली आहेत आणि उरलेली तुमच्याशी भांडून. तेव्हा तो हिशोब जाहीरपणे द्यायला हवा.

पहिल्यांदा गुलमर्गला आले तेव्हा ज्या एजंटकडे कोर्सचे पैसे भरले होते त्याचा फोन लागेना. भाड्याचे बूट पायात घालून मी दुकानाबाहेर उभी होते. तुमची-माझी ओळख ना पाळख. तुम्ही खाली बसलात, मला गुडघे वाकवायला लावलेत आणि बुटाच्या मागून दोन बोटं आत घातलीत. बोटं सहज गेली. टाच उचलली जात होती. टाच उचलली तर बोर्ड ऐकणार नाही, एवढंच म्हणून ते बूट परत करायला लावलेत. दुसऱ्या दिवशी घरून तुमचा जुना बोर्ड घेऊन आलात. त्याच्या कडा झिजलेल्या होत्या, तरी फाइल मारून धार काढलेली दिसत होती. फीचं विचारलं तर म्हणालात, आधी उभी राहा.

मग काही न सांगता मागून हलकंच ढकललंत. डावा पाय पुढे पडला, तोच पुढचा पाय ठरला. त्या दिवशी वळणं वगैरे काही नाही. टाचेकडच्या कडेवर आडवं उभं राहायचं, घसरायचं, थांबायचं आणि पडताना मुठी मिटायच्या. नवशिके उघडा पंजा टेकतात आणि मनगट मोडून घेतात. आमच्या आत्याला मनगटाचीच काळजी होती. हात मोडून घेतलास तर पुढे पोळ्या कशा लाटशील, असं तिने निघताना विचारलं होतं. मुलींनी असले खेळ खेळावेत का, या प्रश्नाला मी आता आत्याचं वाक्य सांगते आणि मुठी मिटून दाखवते. वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

पट्टे बांधायला आम्ही बोर्डवाले बर्फात बसकण मारतो आणि स्कीवाले वळसा घालून नाक मुरडत जातात. तुम्ही मुळात स्कीवाले, बोर्ड नंतर शिकलात, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या तुम्हाला येतात. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात बऱ्याच स्की रिसॉर्टवर बोर्डला बंदी होती. आजही युटामधलं आल्टा आणि डीअर व्हॅली, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन इथे बोर्ड चालत नाही. हे ऐकून मला केवढा चेव आला होता! आपण बंडखोरांच्या खेळात आलो असं वाटलं. त्याच भरात मी तुम्हाला तेर्ये हाकोनसेनची गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. खेळाडू निवडायचं काम बोर्डवाल्यांच्या स्वतःच्या संघटनेकडे न देता आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे दिलं, म्हणून त्या काळचा सगळ्यात भारी समजला जाणारा हा नॉर्वेचा गडी गेलाच नाही. माझ्यासाठी तो देव होता.

तुम्ही कांगडीतले, म्हणजे फेरनखाली धरायच्या शेगडीतले, निखारे सारखे करत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ज्याला बोलावणं येतं तो नाही म्हणू शकतो. ज्याला येतच नाही त्याने काय करायचं?

यावर मी बराच वाद घातला. पण मग तुम्ही स्कीपटू आरिफ खानचं सांगितलंत. तुमच्या टंगमर्गचाच तो. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला सबंध भारतातून एकटा गेला. झेंडा त्याच्या हातात होता आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, तो ४५ वा आला. पण गलवानच्या चकमकीतल्या चिनी अधिकाऱ्याच्या हाती मशाल दिली म्हणून आपल्या सरकारने समारंभांवर राजनैतिक बहिष्कार टाकला आणि दूरदर्शननेही उद्घाटन दाखवलं नाही. म्हणजे आपला एकुलता एक खेळाडू तिरंगा घेऊन चालत होता आणि आपल्याच दूरदर्शनवर ते दिसत नव्हतं. बहिष्कार चुकीचा होता असं मी म्हणत नाही, गलवानमध्ये आपले वीस जवान गेले होते. माझं म्हणणं एवढंच की त्याची किंमत कोणी मोजली तेही बोलावं. हाकोनसेन मला अजून आवडतो. फक्त आता त्याची गोष्ट सांगितली की आरिफचीही सांगते, आणि जास्त वेळ घेऊन सांगते.

परीक्षकांबद्दल मात्र तुमचं आणि माझं कधीच जमणार नाही. तुमचं म्हणणं, जिथे घड्याळ निकाल लावत नाही तो खेळच नव्हे. बीजिंगलाच स्लोपस्टाइलमध्ये, म्हणजे उड्या मारत कसरती करायच्या स्पर्धेत, मॅक्स पॅरोने हवेत बोर्डऐवजी गुडघा पकडला होता, ते परीक्षकांच्या नजरेतून सुटलं आणि सुवर्ण त्याला गेलं. तुम्ही हे उदाहरण मला दर वेळी ऐकवता. पण रौप्य मिळालेला सू यिमिंग काय म्हणाला? त्याने आणि त्याच्या प्रशिक्षकाने परीक्षकांवरची टीका थांबवा अशी विनंती केली आणि थोड्याच दिवसांत पठ्ठ्याने बिग एअरचं, म्हणजे एकाच मोठ्या उडीचं, सुवर्ण घेतलं. हवेत कोण किती वेळा फिरलं हे मोजता येतं, कसं फिरलं हे बघावंच लागतं. २०२६ च्या फेब्रुवारीत मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकचे सामने आपण एकत्र बघू तेव्हा हे भांडण पुढे चालवू. एस्तेर लेदेत्स्काबद्दल तरी आपलं एकमत आहे. २०१८ ला प्योंगचांगमध्ये तिने स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत जिंकली, तीही अमेरिकन स्कीपटू मिकाएला शिफ्रिनच्या जुन्या स्की घालून, आणि मग बोर्डवरही सुवर्ण घेतलं. उसन्या सामानावर माझी श्रद्धा आहे ती तेव्हापासून.

आता गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट डोंगरावरच्या त्या सकाळीबद्दल. दुसऱ्या टप्प्याची गोंडोला उघडली होती, आपण जवळजवळ चार हजार मीटरवर, आकाश निळंभोर. खाली उतरायला माझे पाय शिवशिवत होते. तुम्ही सॅकमधून फावडं काढलंत आणि उताराच्या कडेला खड्डा खणायला बसलात. खड्ड्याची एक भिंत फावड्याने तासून सरळ केलीत आणि वरपासून एकेका थरात हात खुपसायला लागलात. सगळ्यात वरच्या थरात अख्खी मूठ गेली. खालच्यात चार बोटं, त्याखाली एकच बोट. मग एक थर असा की पेन्सिलच जेमतेम शिरली. मला वाटलं तळाशी दगडच लागणार. पण तळातला बर्फ तुम्ही ओंजळीत घेतलात तर तो साखरेसारखा बोटांतून गळून गेला, त्याचा गोळाच होईना. घट्ट थर या भुसभुशीत दाण्यांवर नुसता टेकलेला होता. तुम्ही फावडं पुसलंत आणि आपण गोंडोलाने खाली आलो. तिकिटाचे पैसे गेले, दिवस गेला, आणि बाकीचे लोक त्याच बाजूने उतरून गेले, त्यांना काही झालं नाही. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. २०२३ च्या १ फेब्रुवारीला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन गेला. दोन्ही बातम्या वाचताना मला त्या भिंतीतला तळाचा थर दिसला.

आमच्याकडे लोक म्हणतात, बर्फ कमी पडतोय तर निदान धोका तरी कमी. उलट आहे. थर पातळ असला आणि वर आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी असली की जमिनीलगतच्या बर्फाचे असे सुटे दाणे होतात. मागाहून एकदम जोरात बर्फ पडला की सगळा भार त्यांच्यावर, आणि वरचा थर घसरतो. हवामान बदलावर भाषण करताना मी हा खड्डा सांगते, आकड्यांपेक्षा लवकर कळतो.

आणि सांगते ते २०२४ च्या जानेवारीबद्दल. चिल्लई कलान चालू, म्हणजे थंडीचे ऐन चाळीस दिवस, आणि गुलमर्गचं पठार उघडं, तपकिरी. मी बुकिंग रद्द करायला लागलं म्हणून चिडून फोन केला होता. तुमचा सूर वेगळाच होता. तुमची सुट्टी गेली, आमचं पाणी गेलं, असं म्हणालात. त्या चाळीस दिवसांतला बर्फ वितळत वितळत उन्हाळ्यात झऱ्यांना आणि सफरचंदांच्या बागांना पुरतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पुढे २०२५ लाही खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. इकडे बातमी आली ती क्रीडा पानावर. माझ्या मते ती शेतीच्या पानावर हवी होती.

गर्दीबद्दलही मी तुमच्यापाशी तोंडसुख घेतलं होतं. सकाळी श्रीनगरहून यायचं, भाड्याचे गमबूट आणि फेरन चढवायचा, स्लेजवर बसून व्हिडिओ काढायचा आणि संध्याकाळी ‘गुलमर्ग झालं’ म्हणून परत. त्यात आमचे मराठी ग्रुप आघाडीवर, थेपल्याचे रिकामे पुडे कोंगडोरीला, गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, मी स्वतः गोळा केलेत. थेपले गुजराती असतात हे मान्य, पण पुड्यावर पत्ता चिंचवडचा होता. तुम्ही हसलात आणि स्लेज ओढणाऱ्याकडे बोट दाखवलंत. त्याचं घर माझ्यासारख्या महिनाभर मुक्काम ठोकून घासाघीस करणाऱ्यांवर चालत नाही, त्या एका दिवसाच्या पाहुण्यांवर चालतं. गर्दीबद्दल माझं मत पूर्ण बदललं नाही, कचऱ्याबद्दल तर नाहीच. पण स्लेजवाल्यांची टिंगल करणारे व्हिडिओ मी टाकत नाही.

एप्रिलचं लिहायला हात रेंगाळतोय. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली, त्यात सहा महाराष्ट्रातली. डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. धर्म विचारून मारली. त्या रात्री तुमचा फोन आला. माझ्या घरचं कोणी तिकडे नाही ना, एवढं विचारलंत आणि मग बराच वेळ नुसते फोनवर थांबलात. दुसऱ्या दिवशी अख्खं खोरं बंद होतं, तुमचं दुकानही. पर्यटकांना वाचवायला मधे पडलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह तोवर आमच्याकडेही घराघरांत माहीत झाला होता. तरी त्याच आठवड्यात तुमच्या पुतण्याला खोली सोडायला सांगितलं गेलं. घरमालक वाईट माणूस नव्हे, घाबरलेला होता. बाबा जाऊन त्याच्याकडे बसले, दोन वेळा चहा झाला, पोरगा तिथेच राहिला. तुम्ही त्याबद्दल बाबांचे इतके आभार मानलेत की ते आता तुमचा फोन आला की आईकडे देतात.

काश्मीरला जावं का, हे विचारतात तेव्हा मी घोषणा देत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना जा म्हणायचा मला अधिकार नाही. भीती वाटते म्हणून कोणी गेलं नाही, तर त्यातही काही गैर नाही. पण जो घोडेवाला गोळीसमोर उभा राहिला त्याच्या गावाला गुन्हेगार ठरवणं, पुण्यात शिकणाऱ्या पोराला खोली नाकारणं, हे मला मान्य नाही आणि ते मी स्टेजवरून म्हणते. हल्ल्यानंतर खोऱ्यातल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळांना टाळं लागलं. त्या टाळ्यामागे कोणाकोणाची चूल असते हे तुमच्याकडे जेवल्यामुळे मला माहीत आहे. हे बोलल्यावर टाळ्या पडत नाहीत. एकदा मागून कोणीतरी ‘तूच जाऊन राहा तिकडे’ म्हणालं. मी म्हटलं, जानेवारीत जातेच आहे.

तर उस्ताद, बोर्डाबद्दल, फीबद्दल, त्या खड्ड्याबद्दल आणि प्रत्येक वादात मला बोलू दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आता नेटवर्क गेलं म्हणू नका, हे पत्र आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोचते. मेण, बाइंडिंगचे स्क्रू आणि नवी फाइल घेतली आहे. बाकरवडी दोन किलो, त्यातला एक किलो पुतण्या वाटेत संपवणार हे गृहीत धरून. तुमच्या मुलीला माझा छोटा बोर्ड द्यायचं ठरलंय, पण तिच्या बुटांचा यंदाचा नंबर कळवा. आणि टाच उचलली जातेय का, ते दोन बोटं घालून बघूनच कळवा.

तुमची शागीर्द,
पुण्याची