मेथॅडोनआधी ईसीजी काढा, आकडा हाताने तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘भूल जास्त झाली आणि हृदय थांबले’ असे सरसकट म्हटले जाते. अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत मात्र हृदयावरचे दोन परिणाम वेगवेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला परिणाम नाडी मंदावण्याचा. भूल देताना वापरले जाणारे अफूवर्गीय वेदनाशामक फेंटानिल मेंदूतील व्हेगस (ठोके मंदावणारी मज्जातंतू) केंद्राला चेतवते. ६० किलोच्या माणसाला नेहमीची ६० ते १२० मायक्रोग्रॅमची मात्रा दिली, तरी ठोके ७५ वरून ५५ वर येऊ शकतात. त्याच वर्गातले रेमिफेंटानिल झटक्यात शिरेत गेले तर ठोके काही क्षण थांबूही शकतात. त्यामुळे ते पंपाने, हळूहळू देतात. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला जातो, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरला जातो. अशा वेळी व्हेगसचा जोर आणखी वाढतो. बहुधा ताण सैल करून आणि ०.६ मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन देऊन ठोके सावरतात.

दुसरा परिणाम मेथॅडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाचा, आणि तो भूलगृहात दिसेलच असे नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडते, तेव्हा ती पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. ही वाट मेथॅडोन अडवते. ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोका सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबते आणि टॉरसाड नावाची जीवघेणी लय सुरू होऊ शकते. अमली पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर मेथॅडोनचा समावेश अत्यावश्यक अमली औषधांत झाला. कर्करोगाच्या रुग्णांसाठी हे फार चांगले झाले. म्हणूनच पहिल्या गोळीआधी एक ईसीजी, साधारण महिन्याने दुसरा, पुढे वर्षाला एक आणि मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर गेली तर आणखी एक, एवढे व्हायलाच हवे.

यंत्राने छापलेल्या क्यूटीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. नाडीच्या वेगानुसार क्यूटी बदलते, म्हणून सूत्राने ती दुरुस्त करावी लागते. बहुतेक यंत्रे बॅझेटचे सूत्र वापरतात. क्यूटी ४०० मिलिसेकंद, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या कागदावर दहा छोटे चौकोन, असेल आणि नाडी ६० असेल, तर दुरुस्त क्यूटीही ४००. त्याच क्यूटीला नाडी १०० असली की बॅझेट ५१६ दाखवते, फ्रिडेरिशिया हे दुसरे सूत्र ४७४. दुरुस्त क्यूटी ५०० च्या वर गेली की मात्रा कमी करायची किंवा औषध बदलायचे असते. म्हणजे वेदनेने नाडी वाढलेल्या रुग्णाचे उपयोगी औषध निव्वळ सूत्रामुळे बंद पडू शकते. उलट नाडी ५० असताना बॅझेट ३६५ सांगते, फ्रिडेरिशिया ३७६. मंद नाडीत बॅझेट लांबी लपवते, आणि मंद नाडीतच टॉरसाडचा धोका वाढतो.

उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम व मॅग्नेशियम घटलेले असते, त्यात उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिले जाते, कुणी बुरशीवरचे फ्लुकोनाझोल किंवा अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जोडतो. ही घट आणि यातले प्रत्येक औषध क्यूटी लांबवू शकते. फ्लुकोनाझोल तर मेथॅडोनचा निचराही मंदावते. मेथॅडोनचे अंगातले प्रमाण निम्मे व्हायलाच कित्येक तास ते दोन-अडीच दिवस लागू शकतात, त्यामुळे आज वाढवलेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम काही दिवसांनी दिसतो. टॉरसाड सुरू झालेच तर रक्तातले मॅग्नेशियम ठीक असले तरी २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात. नाडी हाताला लागत नसेल तर आधी शॉक.

शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांनी गोळ्यांची सगळी पाकिटे भूलतज्ज्ञांसमोर ठेवावीत, उलटीच्या आणि बुरशीच्या गोळ्यांसकट. घरात कुणाला वारंवार भोवळ येत असेल किंवा कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही न विचारता सांगावे.

– एक भूलतज्ज्ञ