कॅप्सूलमध्ये काय आहे ते मराठीत छापा

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून संधिवात आहे, रूमॅटॉइडवाला. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिलीय आणि ती चांगली लागू पडली होती. दिवाळीनंतर ओळखीतल्या एकाने घरी येऊन इम्युनिटी वाढवायच्या कॅप्सूल गळ्यात मारल्या, म्हणे परदेशात पिढ्यानपिढ्या घेतात, अठराशेची डबी, आणि वर हेही सांगितलं की ह्या सुरू केल्या की डॉक्टरच्या गोळीची गरज नाही. बाबांनी गोळी बंद केली. दीड महिन्यात मनगटं सुजून टम्म, शर्टाची बटणं आई लावायला लागली.

मग मी डबीवरची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचली. बोव्हाइन थायमस. म्हणजे गाईबैलाच्या छातीतली ग्रंथी वाळवून केलेली पूड! ना हिरवी खूण ना तपकिरी. बाबा माळकरी आहेत हो, पंढरीची वारी चुकवत नाहीत, त्यांना हे सांगायचं कसं तेच मला दोन दिवस कळेना. सांगितलं तेव्हा काही बोलले नाहीत, गळ्यातल्या माळेला हात लावून नुसते बसून राहिले.

थायमस ही ग्रंथी खोटी नाही, आपल्याही छातीच्या हाडामागे असते, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तिथंच तयार होतात, तिचं हे महत्त्व १९६१ मध्ये शास्त्रज्ञ जाक मिलर यांनी दाखवलं. पण प्राण्याची ग्रंथी खाल्ली तर त्यातली प्रथिनं पोटात मटणासारखी पचून जातात, इन्सुलिन टोचूनच का घ्यावं लागतं, ह्याच कारणाने. कोणी म्हणेल, मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीच्या अर्काने १८९१ मध्ये पेशंट बरा झाला होता; ते खरंय, पण थायरॉइडचं हार्मोन पोटातही टिकतं, आणि एका ग्रंथीचं खरं ठरलं म्हणून सगळ्यांचं खरं होत नाही. शिवाय बाबांच्या आजारात तर स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते, तिथं वाढवायचं काय?

संधिवातासारख्या आजारांवर औषधांच्या फसव्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मग घरोघरी बैठका घेऊन तेच तोंडी सांगणाऱ्यांना कोण विचारणार? अन्न व औषध प्रशासनाने सोलापुरातल्या अशा बैठकांवर जाऊन डब्या तपासाव्यात आणि कुठल्या प्राण्याचं काय घातलंय ते मराठीत ठळक छापायला लावावं. तो माणूस गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीत पुढच्या घरी बसला होता, तिथल्या आजींनाही बीपीची गोळी चालू आहे.

आपली एक वाचक, साखर पेठ, सोलापूर