झाकणाखालची पट्टी

परळ, मुंबई

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मॅनहोलच्या झाकणाचे पेटंट मागण्यासाठी लिहिलेली तुझी बारा पाने आणि पाच आकृत्या पोहोचल्या. गेले तीन रविवार मी त्यांच्याबरोबरच काढले. हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण तिथे माझे वाक्य पुरे होण्याआधीच तू "कळलं, आई" म्हणतोस आणि नेमके काय कळले ते मला कळत नाही. फोर्टमधल्या एका पेटंट एजंटच्या कचेरीत सव्वीस वर्षे दुसऱ्यांच्या शोधांची छाननी करीत आले, तेव्हा घरच्या शोधालाही तीच चाळणी लावणे भाग होते. कौतुकाचे काम तुझे बाबा पाहत आहेत. मी निकाल कळविते.

तुझ्या कागदात 'रस्त्यावरील सुरक्षित झाकण' असा एकच शोध असल्यासारखे लिहिले आहे. मी तो उसवला तेव्हा त्यातून चार निरनिराळ्या गोष्टी निघाल्या: बिजागरीवर उघडून नव्वद अंशांत अडकून राहणारे झाकण, त्याच्याखाली किल्लीवाचून न निघणारी जाळी, झाकण तीन ठिकाणीच टेकेल अशी बैठक, आणि चौकटीची कड झिजल्यावर तिच्यात नव्याने बसविता येणारी पट्टी. पहिल्या तिन्हींवर तू दहा पाने खर्ची घातलीस आणि पट्टीला नवव्या पानाच्या तळाशी चार ओळी दिल्यास. माझा निकाल नेमका याच्या उलट आहे.

हे सगळे पूर्वी कोणी केले आहे का याचा धांडोळा कसा घेतला ते आधी सांगते, कारण तू 'मॅनहोल कव्हर' एवढेच शब्द घालून पाहिलेस आणि हाती फारसे लागले नाही म्हणून हुरळलास. पेटंटचा मसुदा लिहिणारा वस्तूला तिच्या रोजच्या नावाने सहसा हाक मारत नाही. तो 'युटिलिटी अ‍ॅक्सेस कव्हर' लिहितो, 'इन्स्पेक्शन चेंबर' लिहितो, कधी नुसतेच 'क्लोजर' लिहितो. शब्द जितका ऐसपैस, तितकी दाव्याची, म्हणजे पेटंटात मागितलेल्या हक्काची, हद्द मोठी. त्यात भर म्हणून अमेरिकेतल्या बर्कली शहराने २०१९ साली आपल्या नियमांतून 'मॅनहोल' हा शब्द काढून 'मेंटेनन्स होल' केला. आपल्याकडे शब्द तोच राहिला आणि हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा होऊनही मॅनहोलमध्ये माणूस उतरणे थांबले नाही, पण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे. सांगायचे एवढेच की मी शब्दांवर विसंबत नाही, पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर जाते. भाषा कोणतीही असो, मॅनहोलची झाकणे आणि चौकटी 'ई ०२ डी २९/१४' या खणात पडतात, ओतीव वस्तूंच्या भेगा दुरुस्त करण्याच्या रीती 'बी २३ पी ६/०४' मध्ये, आणि माहिती शोधण्याची तंत्रे 'जी ०६ एफ १६' मध्ये. तुझ्यासाठी मी हे तिन्ही खण उपसले.

मी कामाला लागले तेव्हा पेटंट कार्यालय लोअर परळच्या टोडी इस्टेटमध्ये होते. आता ते अँटॉप हिलला आहे आणि मला जावेही लागत नाही. मात्र युक्ती जुनीच आहे. एक जवळचे पेटंट सापडले की त्याने कोणाकोणाचा दाखला दिला आणि पुढे कोणी त्याचा दाखला दिला हे पाहत वंशावळ चढायची आणि उतरायची. गूगलच्या लॅरी पेजचे पेटंट याच समजुतीवर उभे आहे: इंटरनेटवरच्या ज्या पानाकडे वजनदार पाने बोट दाखवितात ते पान वजनदार. त्याचा अर्ज जानेवारी १९९८ मध्ये झाला, २००१ साली ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावे मंजूर झाले, आणि आता त्याची मुदतही संपली आहे. त्याच्याही कितीतरी आधी इमॅन्युएल गोल्डबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मपटावरची (मायक्रोफिल्मवरची) कागदपत्रे प्रकाशविद्युत घटाने हुडकून काढणारे यंत्र बनविले होते. त्याचे अमेरिकन पेटंट १९३१ चे आहे. शोधयंत्र काढणारा हा गृहस्थ स्वतः मात्र पुढे अनेक दशके कोणाला सापडला नाही. मला या गोष्टीचे हसू येते आणि धसकाही वाटतो, कारण जे मला मिळाले नाही ते कुठेच नाही असे मी कधी म्हणत नाही.

आता निकाल. बिजागरीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ती इतकी जुनी आणि इतक्या प्रकारांनी पेटंट झालेली आहे की तिचा उल्लेख फक्त वर्णनात ठेव.

जाळीबद्दल मात्र लिहिले पाहिजे, कारण तुझे मन तिथे आहे हे मला ठाऊक आहे. २९ ऑगस्ट २०१७ ला तू कॉलेजातून हिंदमाताच्या कंबरभर पाण्यातून घरी आलास, आणि त्याच दुपारी इथून हाकेच्या अंतरावर एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यांचा देह पुढे वरळीला मिळाला. पाणी ओसरावे म्हणून लोक स्वतःच झाकण उघडतात, आणि त्याच पाण्याखाली ते भोक दिसेनासे होते, हे तू अचूक लिहिले आहेस. परंतु झाकणाखाली संरक्षक जाळी बसविणे आता मुंबईतच सार्वजनिक वापरात आहे, आणि जे वापरात आहे त्यावर दावा सांगता येत नाही. झाकण पूर्ण उभे राहिल्याखेरीज जाळीचे कुलूप सुटू नये ही तुझी साखळी उरते. पण दार लागल्याखेरीज लिफ्ट हलत नाही हे आपल्या इमारतीतल्या लहान मुलालाही माहीत आहे, आणि पेटंट कार्यालयाचा परीक्षक नेमके तेच म्हणेल की या कामातला कोणीही जाणकार इथवर सहज पोहोचला असता. जाळी झाकणात जरूर ठेव. तिच्यासाठी पेटंट मागू नकोस.

तीन टेकूंची बैठक वाचून मला आपल्या कोपऱ्यावरचे झाकण आठवले, जे प्रत्येक बसमागे दोनदा वाजते, एकदा पुढच्या चाकाला आणि एकदा मागच्या. तीन पायांचे स्टूल कुठेही डुगडुगत नाही, हे तत्त्व बरोबर आहे. पण ब्रिटनच्या रस्त्यांवर दोन त्रिकोणी तुकड्यांची झाकणे याच कारणासाठी केव्हापासून बसली आहेत, आणि प्रत्येक त्रिकोण आपल्या तीन कोपऱ्यांवर टेकतो. दुसऱ्या दाव्यात तू 'विशेष एस.जी. आयर्न', म्हणजे चिवट बीड, असे लिहिले आहेस, तेही काढून टाक. बिडाच्या रसात मॅग्नेशियम घातले की ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचे गोळे होतात आणि ठिसूळ बीड चिवट बनते, हा शोध कीथ मिलिस आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. त्यांचे अमेरिकन पेटंट ऑक्टोबर १९४९ चे आहे. ते कधीच संपले, म्हणूनच तुमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या भट्ट्या आज कोणाला छदाम न देता तो रस ओततात. तू उभा आहेस ती जमीनही एकेकाळी कोणाची तरी मालकीची होती, हे ध्यानात असू दे.

आणि आता ती पट्टी. वाहनांच्या दणक्यांनी झाकणापेक्षा चौकटीची कड आधी झिजते, झाकण हलू लागते, आणि हलणारे झाकण ती कड अधिकच खाते. मग रस्ता खणा, जुनी चौकट काढा, नवी बसवा, काँक्रीट मुरेपर्यंत वाहतूक अडवा. एका बोटभर झिजेसाठी एवढा खटाटोप. तू म्हणतोस की ओततानाच चौकटीत आत रुंदावत जाणारी खाच ठेवावी, तिच्यात पट्टीचे कमानदार तुकडे वरून बसवावेत आणि झिजल्यावर चौकट न हलविता ते तुकडे बदलावेत. झाकणांच्या खणात मला रबरी गाद्या पुष्कळ मिळाल्या. डांबराचे थर चढून रस्ता उंच झाला की जुन्या चौकटीवर ठेवायची उंची वाढविणारी कडीही मिळाली, आणि परीक्षक तुझ्यासमोर पहिल्यांदा तीच ठेवील. तुझे उत्तर तयार हवे: ती कडी झिजलेल्या बैठकीवर बसते आणि झाकण वर उचलते, तुझी पट्टी बैठकीच्या आत जाते आणि पातळी जिथल्या तिथे राहते. हा फरक तुझ्या कागदात कुठेच लिहिलेला नाही, तो आकृतीवरून मला काढावा लागला.

इथे तुझे बाबा मध्ये पडले. माझगावच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे तडकलेले सिलिंडर ब्लॉक शिवले, आणि 'शिवले' हा त्यांचाच शब्द आहे. बिडाला वेल्डिंगची आच लागली की सांध्याजवळ ते काचेसारखे कडक होते आणि थंड होताना शेजारी नवी भेग पाडते, म्हणून भेगेला आडव्या भोकांच्या ओळी पाडून त्यांत निकेलच्या मिश्रधातूच्या कुलपी पट्ट्या ठोकायच्या आणि भेगेच्या लांबीवर एकमेकांत शिरणारे आट्यांचे खिळे बसवायचे. ही थंड दुरुस्ती १९३०च्या दशकात अमेरिकेच्या तेलक्षेत्रांत पुढे आली, कारण तिथे ठिणगी पडणे परवडणारे नव्हते. बाबांनी तुझी चौथी आकृती दोन दिवस चष्म्यासमोर धरली आणि म्हणाले, "तुकडा सरळ ठोकला तर पहिल्या पावसाळ्यातच वर येईल. शेवटचा तुकडा पाचरीचा हवा, म्हणजे चाक जितके दाबेल तितके बाकीचे घट्ट बसतील." दुरुस्तीच्या खणात मी पाचर धुंडाळली. भेग सांधण्यासाठी निरनिराळ्या कुलपी पट्ट्या आहेत. झिजलेली बैठक वाहनाच्याच भाराने आवळणारी पाचर मला आढळली नाही. चिनी आणि जपानी कागद मी यंत्राने केलेल्या भाषांतरात वाचले, त्यामुळे आमच्या कचेरीतल्या जाणत्या माणसाकडून ते पुन्हा पाहून घेणार आहे.

तिसरा खण मी चाळला तो तुझ्या मित्राच्या क्यूआर कोडपायी. प्रत्येक झाकणाला क्रमांक द्यावा आणि झिजेची नोंद शोधता यावी ही सूचना चांगली आहे, पण आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा गणनपद्धती शोधात मोडत नाही. तो दावा राहिला तर परीक्षकाला पहिला आक्षेप तू स्वतः पुरविलास असे होईल.

पुढच्या महिन्यातल्या उद्योग प्रदर्शनात नमुना मांडायचा बेत तू शेवटी सहज लिहिला आहेस, आणि तिथे मी पेन खाली ठेवले. आमच्याकडे एकदा एक लहान कारखानदार आले होते. वस्तू खरोखर नवी होती, पण चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती एका मेळाव्यात मांडली होती आणि माहितीपत्रकही वाटले होते, म्हणून पेटंटसाठी ती नवी उरली नव्हती. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे, परंतु ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती, आणि त्यांचा मेळावा तसा नव्हता. ते फाइल छातीशी धरून जिना उतरले ते मला अजून दिसते. शिरोलीच्या रस्त्यावर चाचणीसाठी झाकण बसवायचे असेल तर वाजवी चाचणीला वर्षभराची मुभा आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा आधी तात्पुरता विनिर्देश, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, दाखल कर. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी १६०० रुपये शुल्क आहे आणि पूर्ण विनिर्देश द्यायला बारा महिने मिळतात. त्या अवधीत बाबांची पाचर घासून पाहा.

पैशाच्या गोष्टी मात्र आताच करू नकोस. याच मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी छापखान्याचे टाइप ओतण्याचे यंत्र बनविले, पेटंटे मिळविली, दादाभाई नौरोजींसारखा माणूस पाठीशी होता. तरी भांडवल उभारताना त्यांची दमछाक झाली, आणि १९३५ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले. पेटंट दुसऱ्याला अडविण्याचा वीस वर्षांचा हक्क देते, तोही तिसऱ्या वर्षापासून दरसाल शुल्क भरत राहिलास तर. झाकण विकायला गिऱ्हाईक तुलाच शोधावे लागेल.

तुझे नेमणूकपत्र काढून त्यातले शोधांविषयीचे कलम मला पाठव. तुझ्या फाउंड्रीच्या वेळात आणि तिच्याच पॅटर्नवर (साचा बनवायच्या नमुन्यावर) काम झाले असेल तर अर्जदार कोण, हे मालकांशी आधी बोलून घ्यावे लागेल.

शोधकांच्या रकान्यात दोन नावे येतील, तुझे आणि बाबांचे. पाचर दाव्यात असेल तर ती ज्याला सुचली त्याचे नाव गाळता येत नाही. बाबा म्हणतात, माझे नाव कशाला, पोराचे काम आहे. मी त्यांना सांगितले की फॉर्ममध्ये संकोचासाठी रकाना नाही. त्यांनी सागवानाच्या तुकड्यातून पाचर कोरून ठेवली आहे. शनिवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालास तर येताना खाचेचे नेमके माप आण, कारण तुझ्या आकृतीत ते दोन ठिकाणी दोन निराळे आहे.

तुझी,
आई