प्रिय शुभा, बाव मचूळ झाली

देवबाग,
मे अखेर

प्रिय शुभे,

तब्येत बरी आहे. साखर गोळीवर आहे, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर. हे झालं. आता पत्राचं कारण. आमची बाव मचूळ झाली. विहिरीचं पाणी खारट लागतंय.

इथे कुणाला सांगावं तर 'मे महिनो आसा, होताच' म्हणून मोकळे होतात. तुला फोनवर सांगितलं असतं तर तू 'किती फूट? भरतीला की सुकतीला?' असं सुरू केलं असतंस आणि मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं असतं. म्हणून कागद घेतला. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा एक फायदा.

आधी डाळ शिजेना. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, आणि उघडून बघते तर डाळ अख्खी, वर पाणी वेगळं. मी दुकानदाराच्या नावाने खडे फोडले. मग कपड्यांच्या साबणाला फेस येईना. तेव्हा कळशी काढून ओंजळभर पाणी तोंडात धरलं. आधी काहीच नाही. गिळल्यावर जिभेच्या कडेला, अगदी मागे, ती चव आली. तुला माहीत आहे कुठली. सुकतीच्या वेळी खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढताना बोटं तोंडात घालायचो, ती.

ह्या बावीचं पाणी माझ्या सासूबाई मालवणातून येणाऱ्या पाहुण्यांना मुद्दाम पाजायच्या, आणि पाहुणा 'गोड आहे हो' म्हणेपर्यंत पेला परत घ्यायच्या नाहीत. बऱ्या वेळी गेल्या.

रोहन म्हणतो, पाऊस पडला की परत गोड होईल. होईल गो, मलाही ठाऊक आहे. पण त्याला घराच्या मागे पर्यटकांसाठी चार खोल्या काढायच्या आहेत, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर, आणि त्यासाठी बोअर. कर्जाची फाइल तयार आहे. सातबारा माझ्या नावावर. म्हणजे सही माझी.

त्याला मी जे सांगितलं ते तुलाही सांगते, चुकत असेन तर ओरड. म्हटलं, बाबा, ही जमीन नाही, वाळूचा दांडा आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये आपण आणि आपले माड. पाऊस वाळूत मुरतो. खाली समुद्राचं पाणी, ते जड. त्याच्यावर आपलं गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं तरंगतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर हिशोबाने खाली चाळीस फूट गोडं. ऐकायला झकास. पण पंपाने वरचं एक फूट उतरवलंस की खालचं खारं चाळीस फूट वर यायला बघतं, हाही त्याच हिशोबाचा भाग. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून हे चाललंय. दांडा जितका अरुंद तितका गोड्या पाण्याचा थर पातळ. आणि बोअर म्हणजे त्या थराला खालून भोक पाडणं.

त्यावर चिरंजीव म्हणाले, "आये, तुका सगळीकडे भूगोलच दिसता."

मग पुढे, "सिंधुदुर्ग किल्ल्यात दर्याच्या मधोमध दूध बाव, दही बाव, साखर बाव गोड आसत, ती कशी?" ह्या पोराने शाळेत कधी असा प्रश्न विचारला असता तर मी पेढे वाटले असते. म्हटलं, ते कुरटे बेट, खडकाचं, आणि १६६४ पासून आजपर्यंत त्या बावींवर कुणी पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवलेला नाही. गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, फोन आला म्हणून.

खरी गोष्ट अशी की पंप आमचाच नाही. आता घरोघरी खोल्या, घरोघरी पंप. पूर्वी रहाटाने जेवढं पाणी निघायचं तेवढंच लोक वापरायचे, कारण हात दुखायचे. आता पर्यटक समुद्रात डुंबून येतात आणि अंगावरचं मीठ उतरवायला आमचं गोडं पाणी बादल्यांनी ओततात. एकाने परवा मला विचारलं, "काकू, इथे स्विमिंग पूल नाही का?" दोन्ही बाजूंना पाणी, आणि ह्याला पूल हवा.

पण बाव हे निमित्त. माझ्या डोक्यात घोळतंय ते कर्ली समुद्राला मिळते त्या संगमाचं. तू शेवटची आलीस तेव्हा ज्या सुरूच्या झाडांखाली बसून आपण आंबे खाल्ले, ते सुरू आता नाहीत. खाली मर्यादवेल होती ती वाळूची पुळणही नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून आत नेतो आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू आणून टाकतो, हे लहानपणापासून बघत आलोय. पण नेलेली सगळी परत येत नाही असं आता दिसायला लागलंय. शेजारचे आबा म्हणतात, "दर्यान नेल्ला दर्याच दिता, पन थंयच दियत असा नाय." आबांचं बरं आहे, त्यांची जमीन तारकर्लीला.

तुला कॉलेजच्या सहलीतलं, नदीपलीकडच्या भोगव्याच्या डोंगरावरचं आपलं भांडण आठवतं? सर दमून झाडाखाली झोपले होते आणि आपण कातळावर उभ्या राहून हमरीतुमरीवर. कर्ली सह्याद्रीतून निघते, कुडाळवरून नेरूरपारला येते, समुद्र समोर दिसायला लागतो, आणि तिथे सरळ आत शिरायचं सोडून डावीकडे वळते नि समुद्राला समांतर दक्षिणेला चालायला लागते. तू म्हणालीस, समुद्राने आडवा दांडा घातला म्हणून वळली. पावसाळा सोडून इतर दिवसांत वायव्येकडून वारा, तिरक्या लाटा, वाळू किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकते, दांड्याचं टोकही दक्षिणेलाच. पुरावा म्हणून तू तळाशीलचा दांडा पुढे केलास, गड नदीचा, तोही दक्षिणेला तोंड करून. मी म्हणाले होते, मग तो पुढे पुढे वाढत वेंगुर्ल्याला का नाही गेला? तू माझ्याकडे बघितलंस आणि 'तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही' म्हणून डोंगर उतरलीस.

मी अजून तेच विचारते. का नाही गेला? कारण पलीकडे भोगव्याचा डोंगर आहे. कातळ हलत नाही. आणि प्रत्येक सुकतीला आत शिरलेली सगळी भरती त्याच तोंडातून बाहेर पडते, पावसाळ्यात वर नदीचा लोंढा, त्यामुळे तोंड बुजत नाही. समुद्राने दांडा घातला असेल, पण तो कुठे थांबायचा ते नदीने ठरवलं. आणि म्हणूनच सगळी मस्ती आमच्या बाजूला चालते बघ. तोंडाची एक बाजू दगड, एक बाजू वाळू. तोंड रुंद व्हायचं झालं, सरकायचं झालं, तर खाणार ते आमचीच जमीन. भोगव्याचं काय जातंय?

तुम्ही भूगोलवाले वर्गात शिकवता ना, कोकणातल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या दऱ्या. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, नद्यांनी खोल दऱ्या कापल्या, मग पाणी वर आलं आणि त्या भरल्या, सहा-सात हजार वर्षांपूर्वी पातळी साधारण आजच्या जवळ आली. म्हणजे हा दांडा फार तर त्यानंतरचा. ज्याच्यावर मी सातबारा दाखवत मिरवते तो भूगोलाच्या हिशोबाने कालचा पोर. आणि समुद्र आता परत वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटर चढतोय. रोहनला हा आकडा सांगितला तर म्हणाला, "मिलिमीटर?" आणि हसला. मिलिमीटरला मीही घाबरत नाही. पण तेवढ्यावर उधाण, उधाणावर वादळ, असं चढत जातं ना.

२०१९ च्या दिवाळीत क्यार आलं. ते तर किनाऱ्याला लागलंही नाही, लांबून गेलं, तरी लाटा माडांच्या बुंध्यांपर्यंत. आम्ही फराळाचे डबे माळ्यावर चढवले, चकल्या तेवढ्या खाली राहिल्या, त्या मऊ पडल्या आणि ह्यांनी तशाच खाल्ल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते, त्यात माड आडवे झाले, वीज किती दिवस नव्हती ते विचारू नकोस. त्या वादळानंतर बावीतलं पाणी थोडे दिवस असंच लागत होतं, पण त्याला कारण होतं. वरून खारं पाणी शिरलं होतं, पाऊस आला, धुऊन गेलं. ह्या वेळी वरून काहीच शिरलेलं नाही. ह्या वेळी खालून आलंय.

आता सगळे म्हणतात, बंधारा. दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा जिथे आहे तिथे मागची घरं राहिली, हे मी नाकारत नाही. पण लाट दगडावर आपटून परतते ती पायथ्याची वाळू घेऊन, त्यामुळे समोरची पुळण खाली जाते. आणि बंधारा संपतो त्याच्या पुढच्या घराचं नशीब फुटतं. ते घर नेहमी दुसऱ्याचं असतं म्हणून कुणी बोलत नाही. शिवाय वाळू मुळात येते कुठून? काही समुद्राच्या काठाने, काही वरून नदीतून. खाडीतली वाळू हातपाटीने काढायचे तोवर एक वेळ ठीक होतं. यंत्राने ओढायला लागले की त्याचा हिशोब कुणी ठेवायचा? मी एकदा चारचौघांत हे बोलले तर एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तुमच्या स्लॅबात खंयची वाळू आसा?" ह्यावर काय बोलणार? आहे, कर्लीचीच आहे.

संगमाजवळच्या वाळूच्या उंचवट्यावर आता सुकतीला भजी, चहा, पाण्यातले खेळ. त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीत वर आलं म्हणे. भरती खाडीच्या तोंडातून आत आली की वेग टाकते आणि वाळू सोडते, अशा जागा प्रत्येक खाडीत असतात, पण तसं सांगून भजी खपणार आहेत का? भरती आली की टेबलखुर्च्या होडीत घालून सगळे माघारी. ते बघताना मला वाटतं, ह्या दांड्यावर शहाणपणाने धंदा करणारे तेवढेच. पाणी आलं की उचलायचं. रोहनला म्हटलं, खोल्याही अशाच कर, लाकडाच्या, खांबांवर, उचलता येतील अशा, आणि आंघोळीला मोजून पाणी. म्हणतो, त्याला बँक कर्ज देत नाही. हेही खरं असेल. बँकेला काँक्रीट कळतं.

त्याचं चूक आहे असंही मला म्हणवत नाही, शुभे, इथे माझी गोची आहे. मासळीची काय अवस्था आहे तुला माहीत आहे. वडिलांची होडी विकावी लागली तेव्हा तो एक शब्द बोलला नाही. मुंबईला जातो म्हणाला असता तर मी रडले असते, राहतो म्हणतो तर मी त्याला चाळीस फुटांचा हिशोब सांगते. सूनबाई काही बोलत नाही, नुसती बावीत डोकावून जाते.

मी एक केलं. सुंभाला वितीवितीवर गाठी मारून, खाली दगड बांधून, ती दोरी बावीत सोडते. तिथीच्या पाऊणपट तास धरून भरतीची वेळ काढायची, तेव्हा एकदा, आणि मग तासातासाने. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वर आलं, पण भरती उलटून बराच वेळ गेल्यावर. अष्टमीच्या भांगाला, भरती सगळ्यात लहान असते तेव्हा, जेमतेम हललं. म्हणजे बावीला समुद्र कळतो. आणि शेजारच्या दोन घरांचे पंप संध्याकाळी चालू झाले की गाठ बघता बघता उघडी पडते. आकड्यांचा कागद सोबत घातलाय. अक्षराला हसू नकोस, टॉर्च तोंडात धरून लिहिलंय.

तुझं काय? सासूबाईंचं हाड जुळलं का? बंगलोरला लेकीकडे जाणार होतीस ते झालं का पुन्हा पुढे ढकललंस? निवृत्तीच्या समारंभाचे फोटो बघितले, ती जांभळी साडी तुला चांगली दिसत नाही, तरी छान दिसत होतीस. भावोजींना नमस्कार.

बँकेचा माणूस पावसाच्या आधी यायचा म्हणतोय. त्याच्या आत मला दोन गोष्टी कळव. एक, बोअर न मारता छपराचं पावसाचं पाणी बावीच्या कडेने वाळूत सोडलं तर चार खोल्यांपुरतं साधेल का, की मी मनाची समजूत घालतेय? दोन, सही न करता पोराशी बोलणं चालू ठेवायचं कसं? दुसऱ्याचं उत्तर तुझ्या पुस्तकात नसेल, पण तुझी लेक तुझ्याशी बोलते, म्हणजे काहीतरी येत असेल तुला. पत्राने कळव. फोन स्पीकरवर टाकायची ह्या घरात सगळ्यांना खोड आहे.

तुझी,
नली

ता.क. तुझा ॲटलास माझ्याकडे नाही. आधीही सांगितलंय. कॉलेजच्या सहलीत तो तुझ्या बॅगेत होता, माझ्या बॅगेत तुझे लाडू होते. लाडू मी खाल्ले, ते मी कधी नाकारलेलं नाही.