बाबा, गॅस दिलेल्या गोदामाचं शटर तुम्ही उघडू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर ‘पित्त झालं’ म्हणून विषय संपवला. खरं काय ते नंतर आईकडून कळलं. कळमन्याच्या गोदामात तुरीच्या थप्प्यांना कीड मारायला गोळ्या ठेवून गॅस दिला होता, सकाळी शटर तुम्हीच उघडलं, दुपारी डोकं ठणकलं आणि उलट्या झाल्या. याला पित्त म्हणून सोडून देऊ नका.

त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. ३ ग्रॅमची गोळी हवेतली ओल शोषते आणि तिच्यातून १ ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. आठ तासांच्या कामासाठी याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत फक्त ०.३ भाग धरतात, ५० भागांना तर थेट जिवावर बेततं. लसणासारखा वास गेला की गॅस गेला, असं तुम्ही म्हणता. घात तिथेच होतो. वास येतो तो वायूत मिसळलेल्या अशुद्ध घटकांचा, शुद्ध फॉस्फिनला वासच नाही. ते घटक धान्यात जिरतात, वास जातो, आणि वायू थप्प्यांमध्ये तसाच राहू शकतो. नाकावरच्या दुपट्ट्यानं तो अडत नाही.

हा वायू पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. हृदय आणि फुफ्फुसं आधी धरतो, आणि त्यावर उतारा नाही. उलटी थांबली तरी फुफ्फुसांत पाणी एक-दोन दिवसांनीही भरू शकतं. आई, बाबांना धाप लागली, छातीत दडपलं, कोरडा खोकला किंवा चक्कर आली तर ओवा-लिंबू करत बसू नकोस. ऑटो करून सरळ मेयो हॉस्पिटलला ने आणि डॉक्टरांना आधी हेच सांग, की गोदामात फॉस्फिन लागला आहे.

२०१७ साली यवतमाळात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्याच भागातली माणसं होती ती, बाबा. औषध वेगळं होतं, पण विष श्वासातूनही जातं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

ताडपत्री काढणं, गोदामाला वारा देणं, मीटरनं हवा मोजणं हे परवाना असलेल्या गॅसवाल्यांचं काम आहे, तुमच्यासारख्या मुनीमजींचं नाही. मीटरचा आकडा बघितल्याशिवाय आत पाय टाकू नका. गोळ्यांची राखाडी भुकटी झाडू नका आणि तिच्यावर पाणी तर मुळीच ओतू नका. कच्ची गोळी राहिली असेल तर पाण्यानं भडका उडतो. आणि जेवणाच्या सुट्टीत हमाल थप्पीला टेकून झोपतात म्हणालात, त्यांनाही उठवा. कोणी सांगितलंच नसेल त्या पोरांना.

शेटजींशी बोलायला संकोच वाटत असेल तर त्यांचा नंबर पाठवा, मी बोलते. नोकरी गेली तर जाऊ द्या, घर चालवायला मी आहे. उद्या ईसीजी काढा आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

तुमची,
राणी