तीन महिन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर होता येत नाही

महोदय,

पदवीचे निकाल लागले की 'तीन महिन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर व्हा' अशा जाहिराती गोव्यातल्या मुलांच्या मोबाईलवर धो धो कोसळू लागतात. पालक पैसे भरतात, प्रमाणपत्रही मिळते आणि मग मुलाखतीत एका साध्या प्रश्नावर घोडे अडते: 'तुम्ही घेतलेला एखादा निर्णय सांगा. चुकला असेल तर कशामुळे चुकला?' निर्णयाचा निकाल लागायलाच महिनोन् महिने जातात. तीन महिन्यांत उत्तर कुठून येणार?

1931 मध्ये प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकी साबण कंपनीत नील मॅकएलरॉय यांनी एका टिपणात प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र जबाबदार माणसे मागितली, तिथून या कामाची सुरुवात मानतात. साबणाच्या जागी अॅप आले, काम तेच राहिले. कोणाची कोणती अडचण सोडवायची, कोणती सध्या सोडून द्यायची हे ठरवायचे आणि त्यातून निघणाऱ्या आकड्याची जबाबदारी घ्यायची. वेळापत्रक सांभाळणारा प्रोजेक्ट मॅनेजर वेगळा. म्हणून मुलाखतीत उमेदवारानेही विचारावे की रोडमॅप, म्हणजे पुढे काय आणि कधी बनवायचे याचा आराखडा, कोण ठरवते. 'सेल्सवाले सांगतात ते आम्ही तिकिटात, म्हणजे डेव्हलपरच्या कामाच्या चिठ्ठीत, उतरवतो' असे उत्तर आले, तर पदाचे नाव काहीही असो, काम कारकुनीचे आहे.

नवख्यांसाठी थेट जागा थोड्या असतात. पहिली दोन-तीन वर्षे सपोर्ट, टेस्टिंग किंवा बिझनेस अॅनालिस्टच्या (ग्राहकाची गरज समजून ती लिहून देणाऱ्याच्या) जागेवरून आत शिरणे शहाणपणाचे. त्यातही सपोर्ट हलका समजू नये. लोक कुठे अडकतात हे तिथल्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळते. जोडीला एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, निदान तक्ते जोडणारे जॉईन आणि गटवार हिशेब काढणारे ग्रुप बाय लिहिता येण्याइतकी. प्रत्येक आकड्यासाठी डेव्हलपरच्या दारात उभे राहावे लागले, तर आठवड्याभरात प्रश्न विचारायचीच सवय सुटते.

सगळ्यात उपयोगी पडते ती निर्णयांची वही. समजा, काणकोणच्या होमस्टेंचे बुकिंग करणारे एक अॅप आहे. 1,000 जण ते उघडतात, 400 खोली निवडतात, 120 पैसे भरायच्या पानापर्यंत येतात, त्यातले 60 पैसे भरतात. त्या पानावर ओळखपत्राचा फोटो मागितला जातो आणि तिथे निम्मे गळतात. वहीत लिहायचे: तारीख; निर्णय – फोटो आता मागायचा नाही, खोलीवर पोचल्यावर घ्यायचा; अपेक्षा – 60 चे 75; तपासणी – सहा आठवड्यांनी. समजा सहा आठवड्यांनी आकडा 71 आला. वर परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला 24 तासांत कळवावी लागते, तो सगळा भार आता रात्री अकराला पोचणाऱ्या पाहुण्यासमोर उभ्या असलेल्या घरमालकिणीवर पडला. हेही त्याच पानावर लिहायचे. अशा पंधरा-वीस नोंदी असल्या की मुलाखतीत प्रमाणपत्राची फाईल उघडावी लागत नाही.

इथे गोव्याची एक खास फसगत होते. डिसेंबरात आकडे चढतात, जूनमध्ये पडतात. नोव्हेंबरात सोडलेल्या फीचरचे श्रेय घेणाऱ्याने आधी मागच्या वर्षीचा डिसेंबर काढून बघावा. ए/बी टेस्टचेही, म्हणजे निम्म्या लोकांना जुने आणि निम्म्यांना नवे रूप दाखवून तुलना करण्याचेही, तसेच. बुकिंगचे प्रमाण 5 टक्क्यांवरून 6 टक्के झाले की नाही, हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर ठरवायला दोन्ही बाजूंना प्रत्येकी 8 हजारांच्या आसपास भेटी लागतात. छोट्या अॅपला पावसाळ्यात तेवढ्या मिळणार नाहीत. तेव्हा पाच-सहा घरमालकांच्या शेजारी बसून ते अॅप कसे वापरतात हे गप्प बसून बघावे. गप्प बसणेच कठीण जाते, हा भाग वेगळा.

म्हणूनच दरवर्षी नोकरी बदलणारा पगार वाढवतो, पण स्वतःच्या निर्णयाची फळे त्याला दिसत नाहीत. एका प्रॉडक्टवर निदान दोन हंगाम काढावेत. क्षेत्रही चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत पक्के करावे: पर्यटन, औषधनिर्मिती, बंदर-वाहतूक, काहीही. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत बॅच रेकॉर्ड (औषधाच्या प्रत्येक खेपेच्या उत्पादनाची नोंद) कसे चालते हे जाणणारा माणूस त्या क्षेत्राच्या सॉफ्टवेअरला बंगळुरातही सहज सापडत नाही. बंगळुरू-पुण्याला जायचेच असेल तर हे भांडवल घेऊन जावे.

आठ-दहा वर्षांनी वाट फुटते. एक जाते माणसे सांभाळण्याकडे: ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, मग डायरेक्टर. तिथे दिवस भरती, मूल्यमापन आणि बजेटात जातो. दुसरी प्रिन्सिपल प्रॉडक्ट मॅनेजरची, हाताखाली कोणी नाही, पण सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न तुमच्याकडे. ही दुसरी वाट लहान कंपन्यांत बहुधा नसते, म्हणून नोकरी धरतानाच चौकशी करावी. माणसांत रमत नसूनही निव्वळ पदासाठी पहिली धरणारे दोन वर्षांत वैतागतात.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक सूचना. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तोंडी परीक्षेच्या दिवशी बंद पडतो. तो सातव्या सत्राच्या सुरुवातीलाच वीस खऱ्या वापरकर्त्यांच्या हाती द्यावा, चवथीपासून शिगम्यापर्यंत चालू ठेवावा आणि गुणांचा काही वाटा वर सांगितल्यासारख्या वहीला द्यावा. त्याला वेगळे अनुदान लागत नाही.

– एक वाचक, फोंडा