बाँडने वैमानिक टिकत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानाच्या फेऱ्या आयत्या वेळी रद्द होण्याबद्दल आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात जी वाचकपत्रे प्रसिद्ध झाली, त्यांपैकी दोन पत्रांचा सूर असा होता की, लाखांनी पगार घेणारे वैमानिक सारख्या नोकऱ्या बदलतात, त्याचा भुर्दंड प्रवाशांना बसतो आणि म्हणून सरकारने त्यांना आणखी कडक नियमांनी बांधून ठेवावे. प्रवाशांचा राग मला समजतो. लातूरहून पहाटे निघून नांदेडचे विमानतळ गाठणाऱ्यांपैकी मीही एक आहे. परंतु माझी मुलगी स्वस्त तिकिटांच्या एका कंपनीत सहवैमानिक आहे आणि मी स्वतः एसटीच्या आगारात चालक-वाहकांच्या ड्युट्या लावण्यात उभी नोकरी घालवली आहे. या दोन्ही बाजूंनी पाहता, त्या पत्रांत सुचवलेला उपाय रोगाहून वाईट आहे असे मला वाटते.

बांधण्याचेच म्हणाल, तर वैमानिकाइतका बांधलेला नोकरदार या देशात क्वचित सापडेल. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, २०१७ च्या नियमानुसार राजीनामा दिल्यानंतर कमांडरला, म्हणजे विमानाच्या मुख्य वैमानिकाला, एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने त्याच कंपनीत काढावे लागतात. एवढा कडक नियम असूनही २०२३ मध्ये, सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालेल्या अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटिशीची मुदत न भरताच निघून गेले, कंपनीला फेऱ्या रद्द कराव्या लागल्या आणि प्रकरण मुंबई व दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेले. त्या वैमानिकांचे वागणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. मात्र कायद्याचा बडगा डोक्यावर असताना त्रेचाळीस शिकलेली माणसे एका हंगामात उठून जातात, तेव्हा दोष केवळ माणसांत शोधून चालत नाही.

नोटिशीच्या वर आणखी बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, सोडल्यास पैसे भरीन असा करार, असतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला मुलगा किंवा मुलगी दोनशे तासांचे उड्डाण पूर्ण करून व्यावसायिक परवाना मिळवते, तेव्हा घरातून अर्धा कोटी गेलेला असतो. आमच्या घरी माझी निवृत्तीची रक्कम, विकलेली तीन एकर जमीन आणि राहते घर तारण ठेवून काढलेले कर्ज मिळून तो आकडा जमला. एवढ्यावर नोकरी मिळत नाही. ठरावीक प्रकारचे विमान चालवण्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण व मान्यता, लागते आणि त्याचा खर्च कंपनीने केला की त्याच्या बदल्यात काही वर्षांचा करार लिहून घेतला जातो. आपल्या बीड-धाराशिव भागात या व्यवहाराला शब्द आहे: उचल. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, हंगाम संपेपर्यंत फडातून हलू शकत नाहीत. ऊसतोड कामगाराच्या हालांशी वैमानिकाची बरोबरी करण्याचा मूर्खपणा मी करणार नाही; पण माणसाला वेतनाने नव्हे, तर आधी दिलेल्या पैशाने धरून ठेवायचे ही रीत मराठवाड्याला नवी नाही आणि तिने कोणता मुकादम सुखी झाला हेही आपण पाहिले आहे.

आता पगाराविषयी, कारण खरा घोळ तेथे आहे. वैमानिकाचा पगार किती, असे विचारल्यावर लोक एकच मोठा आकडा ऐकतात. प्रत्यक्षात त्याचा बराच भाग ब्लॉक अवर्सवर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून ते पुढच्या विमानतळावर जाऊन थांबेपर्यंतच्या वेळेवर अवलंबून असतो. माझी मुलगी पहाटे अडीचला उठते, कंपनीची गाडी तिला सव्वातीनला घेऊन जाते, त्यानंतर हवामानाचे कागद, इंधनाचा हिशेब, विमानाची तपासणी, दोन फेऱ्यांमधला अर्ध्या-पाऊण तासाचा खटाटोप, धुके असेल तर नुसते बसून राहणे, असे सर्व धरून दहा तासांची ड्युटी भरते. त्यातले पैशाचे तास चार किंवा साडेचार. बऱ्याच कंपन्या महिन्याला ७० तासांची हमी देतात, म्हणजे उड्डाण कमी झाले तरी तेवढ्याचे पैसे मिळतात. ही हमी म्हणजेच वैमानिकाचा खरा पगार आणि कंपनीला काटकसर सुचली की पहिली कात्री तिलाच लागते. विस्तारा ही काही स्वस्तातली कंपनी नव्हती. तरीही २०२४ मध्ये एअर इंडियातील विलीनीकरणाच्या निमित्ताने तेथील हमी ७० वरून ४० तासांवर आणण्याचे ठरले, वैमानिक नाराज झाले आणि एप्रिलच्या सुरुवातीला शंभरावर फेऱ्या रद्द झाल्या.

आमच्या घरातला अनुभव याहून लहान आहे. मुलीच्या कंपनीची काही विमाने इंजिनाच्या दुरुस्तीसाठी उभी राहिली, त्याआधी दोन महिने हमीचे तास कमी केल्याचे पत्रक ईमेलने आले होते, आणि त्या महिन्यात तिचे ३८ तास भरले. पगाराची स्लिप तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली फक्त बँकेच्या हप्त्याची तारीख लिहिली. राजीनामा दिल्यानंतर नोटिशीच्या काळात कंपनीने पगार किंवा सेवाशर्ती कमी केल्या, तर मुदतीआधी सोडण्याची मागणी वैमानिकाला करता येते, अशी तरतूद त्याच डीजीसीएच्या नियमात आहे. राजीनामा देण्याआधी कमी केल्या तर काय, याचे उत्तर मात्र त्याला आपल्या करारातच शोधावे लागते.

पगाराइतकेच रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचे वेळापत्रक, माणसाला पळवून लावते. आगारात आम्ही कोणाला सलग डबल ड्युटी लावली की तो चालक तिसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकणार हे ठरलेले असे. त्याला कामचुकार म्हणणारे अधिकारी होते, पण त्यांनी कधी रात्री स्टिअरिंग धरलेले नव्हते. वैमानिकांच्या थकव्याची दखल घेऊन डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या वेळेतील लँडिंग सहावरून दोनवर आणली गेली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेरीस दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला, इंडिगोला, वैमानिक पुरले नाहीत. हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि रात्रीच्या ड्युटीच्या काही अटींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट द्यावी लागली. चालक मोजूनच शेड्यूल लावायचे असते, हे आमच्या आगारातला नवा कारकूनही पहिल्या महिन्यात शिकत असे.

याचा मराठवाड्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आगारात चालक कमी पडले की पुण्याची फेरी कधीच रद्द होत नसे. रद्द व्हायची ती खेड्यातली मुक्कामी गाडी, कारण तिच्यासाठी ओरडणारे कमी आणि उत्पन्नही कमी. विमानांचे गणित वेगळे नाही. लहान शहरे विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेची देशातली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद ही फेरी होती आणि तिचे आपल्याला केवढे अप्रूप वाटले होते. ट्रूजेटची ती लहान एटीआर विमाने २०२२ मध्ये थांबली, त्यामागे कंपनीची आर्थिक स्थिती होती हे खरे. परंतु अशा लहान विमानांच्या कंपन्यांना आणखी एक गळती कायमची लागलेली असते. सहवैमानिकाचे पंधराशे तास भरले की तो कमांडरच्या परवान्याला पात्र होऊ लागतो, मोठ्या जेट विमानांच्या कंपन्या त्याला जास्त पगार देऊ करतात आणि लहान कंपनी दुसऱ्यांसाठी वैमानिक घडवणारी शाळा होऊन बसते. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांच्या खरेदीचे करार केले. ती विमाने येतील तसतसे त्यांना लागणारे वैमानिक प्रथम आपल्यासारख्या ठिकाणच्या फेऱ्यांवरूनच उचलले जातील.

अमेरिकेचा दाखला येथे देण्याजोगा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून पन्नास माणसे गेली. त्यातील सहवैमानिक आईवडिलांकडे सिअ‍ॅटलला राहत असे आणि कामावर हजर होण्यासाठी रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. तिचा तुटपुंजा पगार चौकशीच्या वेळी चर्चेत आला. पुढे तेथे सहवैमानिकालाही पंधराशे तासांची अट लागली, वैमानिक दुर्मीळ झाले आणि त्याच लहान कंपन्यांना पगार भरघोस वाढवावे लागले. म्हणजे पैसा काढता येतो. फक्त तो आधी काढायचा की माणसे गेल्यावर, एवढाच प्रश्न उरतो.

त्यामुळे माझी सूचना त्या दोन पत्रांच्या उलट आहे. डीजीसीए दर उन्हाळी आणि हिवाळी हंगामाचे वेळापत्रक मंजूर करते, तेव्हाच प्रत्येक कंपनीकडून विमानागणिक वैमानिकांची संख्या लिहून घ्यावी आणि ती अपुरी असेल तर फेऱ्या तेथेच कमी कराव्यात. हमीचे तास नोकरीच्या मधेच घटवल्यास वैमानिकाचा बाँड आणि नोटीस दोन्ही आपोआप गळून पडावेत. बाँडची रक्कमही नोकरीच्या महिन्यांप्रमाणे उतरत जावी. माझ्या मुलीच्या करारात ती पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच शेवटच्या दिवशीही आहे. आणि लातूरला विमान कधी, नांदेडहून मुंबईच्या फेऱ्या किती, असे प्रश्न आपले लोकप्रतिनिधी विचारतातच. त्याच बैठकीत त्यांनी कंपनीला हेही विचारावे की या विमानाला वैमानिक किती ठेवणार आणि त्यांना किती तासांची हमी देणार.

माझी मुलगी गेल्या दिवाळीला चार दिवस घरी आली. त्यांतला पहिला दिवस ती झोपून होती आणि दुसऱ्या पहाटे अडीचला तिच्या मोबाइलचा गजर वाजला तेव्हा तो बंद करायला मीच उठलो. नोकरी सोडण्याचा विचार आहे का, असे मी तिला विचारले नाही, कारण तिच्या बाँडचे अजून चौदा महिने बाकी आहेत. त्याच कारणाने हे पत्र प्रसिद्ध करताना माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एका सहवैमानिकाचे वडील, लातूर